गालातली गोळी

एका सहीत उर्मिला देवस्थळींना दोन वर्षं मिळणार आहेत. आयुष्याची नव्हे, नोकरीची. पण बाईंच्या लेखी त्यात फारसा फरक नाही. मेअखेर निवृत्ती आहे. सही झाली तर ती दोन वर्षं पुढे ढकलली जाईल, मेडिकल कॉलेजच्या तिसऱ्या मजल्यावरची प्रयोगशाळा त्यांच्याच ताब्यात राहील, आणि कॅन्सरच्या पेशी साखर किती वेगाने खातात हे मिनिटामिनिटाला मोजणारं जे यंत्र त्या सहा वर्षं मागतायत ते एकदाचं येईल. या सगळ्याची शिफारस करणारा माणूस एकच, डोळ्यांच्या विभागाचे प्रमुख डॉ. प्रभंजन कारखानीस. आणि सही करायचा कागदही त्यांच्याच ऑफिसातून टाइप होऊन आलेला आहे. माणूस व्यवस्थित. सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने बारीक फुलीसुद्धा मारून पाठवली आहे.

कागदावर दोन ओळी आहेत. "परीक्षेच्या दिवशी दुपारी आलेला रक्ताचा नमुना तपासणीयोग्य नव्हता. सबब अहवाल देण्यात आला नाही." सोबत चौकशी समितीचा निष्कर्षही जोडलेला आहे. चौकशी चार वाजता आहे, निष्कर्ष सकाळीच तयार आहे. त्यात म्हटलंय की कार्तिकी लोंढे, वय सात, हिचा मृत्यू जन्मजात आजाराने झाला, आणि तिला ताप असल्याची माहिती आईने दिली नाही.

पावणेतीन वाजलेत. दहीभात पोटात आहे. पंखा आहे तिथल्या तिथे फिरल्यासारखा फिरतो आहे आणि पलीकडच्या खोलीत पेशींचा इन्क्युबेटर एका सुरात घुमतो आहे. बाई चष्मा काढून त्या फुलीवर ठेवतात. सही करायला पाच सेकंद लागतात, तेवढी नंतर मिळतील. हाताची घडी टेबलावर, त्यावर कपाळ. इन्क्युबेटरची घुमघुम कानात, मग कपाळात, मग टेबलाच्या लाकडात शिरते. आणि डब्याचं झाकण वाजतं.

कुणीतरी डबा चाचपतंय.

"दहीभात व्हता व्हय?" एक आवाज म्हणतो. "मोहरी टाकलीया. आमची आई हिंग बी टाकती."

टेबलाच्या कडेला दोन वेण्या दिसतात, लाल रिबिनी. त्यांच्यामध्ये दोन डोळे. पाळण्याला कुणी हळूच झोका द्यावा तसे इकडून तिकडे, तिकडून इकडे जाणारे. वेण्या आणि डोळे यांच्यामध्ये चेहरा असतो तिथे नुसतं धुकं आहे.

बाई घाबरत नाहीत. ही मुलगी सतरा दिवसांपूर्वी गेली हे त्यांना माहीत आहे, आणि तरी पहिल्यांदा मनात येतं ते हेच की ही वेळ न ठरवता आत आलीच कशी.

"तू कार्तिकी."

"वळखलं की! मला कवा बघितलीया तुमी?"

"नाही. फोटो पाहिला. फाइलीत आहे."

"त्यात डोळंच घेतल्यात नुसतं," मुलगी म्हणते. "मग बाकीची मी तुमाला कशी दिसनार? बसा आता डोळ्यांसंगं बोलत."

आणि हसते. तोंड दिसत नाही, हसणं मात्र खोलीभर वाजतं.

फोटोची गोष्ट खरी आहे. कारखानीस दुर्मिळ नेत्रविकारांचं जाडजूड सचित्र पुस्तक काढतायत, त्यात एकशेबाराव्या पानावर कार्तिकीचे डोळे आहेत. जन्मतःच डोळ्यांच्या नसा सुतासारख्या बारीक. मेंदूच्या मधोमध असतो तो पातळ पडदा नाहीच. लाखात एखादं असं मूल जन्मतं. त्याच बिघाडात मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी ग्रंथी कच्ची राहते. ताप आला की रक्तातली साखर सावरून धरायचा हुकूम तिथून सुटायला हवा, तो सुटत नाही. यावर गोळ्या असतात, रोजच्या; तापात दुप्पट-तिप्पट द्यायच्या. कुठल्याही बालरोगतज्ज्ञाने चार तपासण्यांत ओळखलं असतं. पण नव्या नेत्रतज्ज्ञांच्या परीक्षेला महिनाच राहिला होता, आणि बालरोगवाल्यांनी पोरगी दाखल करून घेतली असती तर केस हातची गेली असती. डोळ्यांच्या डॉक्टरने डोळे पाहिले. मुलगी त्यांच्या मागे होती, ती कुणाच्या अभ्यासक्रमात नव्हती.

"चला," कार्तिकी म्हणते आणि बाईंचं मनगट धरते. हात गार आणि ओलसर. "मला वाट ठाव हाय. मला उजेड लागत न्हाई."

केबिनच्या दारापलीकडे जिना असायला हवा. परीक्षेचा हॉल आहे. खिडक्यांना काळे पडदे, पांढरे कोट, नऊ उमेदवार, नऊ बॅटऱ्या. मधल्या स्टुलावर कार्तिकी बसलेली आहे आणि बाईंचं मनगटही तिनेच धरलेलं आहे.

"वर बघ. खाली बघ. ही बोटं किती?"

"बोटं मला दिसत न्हाईत, हे नवव्यांदा सांगतीया," स्टुलावरची कार्तिकी म्हणते. मग बाईंकडे कलून हलक्या आवाजात सांगते, "एकजन म्हनला, बाळ, माझा शर्ट कुठल्या रंगाचा? मी म्हनलं, मळका. समदी हसली. त्याला पास केलं का वो?"

"केलं."

"वाटलंच."

"बाकीच्यांनाही केलं," बाई म्हणतात. का कुणास ठाऊक, त्यांना माफी मागितल्यासारखं वाटतं.

"माझ्यावर?"

"तुझ्यावर."

परीक्षेची केस म्हणजे काय हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. परीक्षेच्या दिवसासाठी दुर्मिळ आजारांची माणसं गावोगावाहून हुडकून आणतात. त्यांना चहा मिळतो, केळं मिळतं, एसटीचं भाडं मिळतं. एक मिळत नाही, नंबर. त्या दिवसापुरती ती माणसं पेशंट नसतात, केस असतात. केसपेपर काढायचा नसतो. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच दवाखान्याच्या पोटात बसलेलं माणूस दवाखान्याच्या कुठल्याच वहीत नसतं. त्या आठ तासांत त्याला काही झालं तर ते कुणालाच झालेलं नसतं.

दाराबाहेरून एक आवाज येतो. दार बंदच राहतं. "सायेब, गोडाची गोळी ऱ्हाऊ द्या तिच्या तोंडात. गोड नसलं की ती गळाटती. अंग तापलंय तिचं."

"आई, तुम्ही बाहेर थांबा," कारखानीस म्हणतात. ते अतिशय सभ्यपणे बोलतात, नेहमीच बोलतात. त्यांच्या हातात स्टीलचा ट्रे आहे आणि ट्रेमध्ये, कापसाच्या बोळ्याशेजारी, चोखून अर्धी झालेली नारिंगी लिमलेटची गोळी. "जबडा हलला की नजरेची चाल बिघडते, मॅडम. उमेदवारांवर अन्याय होतो." मग तोच ट्रे ते बाईंपुढे धरतात. "फुली मारलेली आहे. तिथेच."

नऊ बॅटऱ्या वळतात आणि बाईंच्या डोळ्यांत येतात.

"वर बघा. खाली बघा. हे किती?"

बाईंना बोटं दिसत नाहीत.

उजेड गुलाबी होतो, ऊबदार होतो. भिंती जवळ येतात. इन्क्युबेटरच्या आत उभं राहता येत नाही, पण त्या दोघी उभ्या आहेत. फळ्यांवर चपट्या बाटल्या आडव्या झोपवलेल्या, प्रत्येकीत गुलाबी पाणी, पाण्याच्या तळाशी नखावरच्या धुळीएवढ्या पेशींचा थर. कार्तिकी एकेका बाटलीवरून बोट फिरवते.

"हे कोन?"

"कॅन्सरच्या पेशी."

"झोपल्यात?"

"झोपत नाहीत. खातात. साध्या पेशी खातात त्याच्या कितीतरी पट साखर खातात. त्यातली नीट जाळत नाहीत. हवा भरपूर असली तरी अर्धवटच जाळतात आणि उरलेलं आंबट करून बाहेर टाकतात. त्यानं हे गुलाबी पाणी पिवळं पडतं."

"ताटात टाकनारी हाईत."

"हो. ती का टाकतात, याच्यामागेच मी सव्वीस वर्षं आहे."

"घावलं?"

"थोडंसं."

"यांस्नी ताप आला तर?"

"येत नाही. सदतीस अंश. काटा हलू देत नाही."

"आनि भूक?"

"दर दोन दिवसांनी पाणी बदलून नवी साखर देते. रविवारी मी स्वतः येते."

"रविवारी बी!" कार्तिकी तोंडावर हात ठेवते, आणि हात ठेवला म्हणून तिथे तोंड उमटतं, बाईंना आता ओठ दिसतात, एक पडलेला दात दिसतो. "आन दिवाळीत?"

"दिवाळीतही."

"कुनाच्या हाईत ह्या?"

"एका बाईंच्या गाठीतल्या. त्या बाई कधीच गेल्या."

मुलगी बाटलीवरचं बोट उचलते. "म्हंजी बाई मेली आनि गाठ जेवती," ती म्हणते. "वेळच्या वेळी."

शेवटच्या फळीवर बाटली नाही. तिथे काचेची एक साधी नळी आहे, लाल झाकणाची, आणि तिला रबरबँडने गुंडाळलेली एक चिठ्ठी. बाईंना हात मागे घ्यायचा आहे. पण मनगट मुलीकडे आहे.

"वाचा की. मला येत न्हाई."

"माहीत आहे मला काय लिहिलंय."

"मग वाचायला काय जातंय तुमचं?"

बाई वाचतात. परीक्षेच्या हॉलवर धावपळ करणाऱ्या एका शिकाऊ डॉक्टरणीचं अक्षर आहे, घाईचं, पण स्वच्छ. "परीक्षा केस, नंबर नाही. वेळ साडेअकरा. ताप एकशे एक. दरदरून घाम, सुस्त. आई सांगते गोड दिलं की सावरते. साखर तातडीने बघाल का, मॅडम?"

त्या दिवशी ही नळी आधी खाली दवाखान्याच्या लॅबमध्ये गेली. नंबर नाही म्हणून खिडकीतून परत आली. मग कुणीतरी म्हणालं, देवस्थळी मॅडमकडे द्या, त्या साखरेतल्याच आहेत. नळी तिसऱ्या मजल्यावर आली तेव्हा दोन वाजले होते. बाईंनी लगेच तपासली. कामात त्या कधीच आळशी नाहीत. सत्तरच्या वर हवा तिथे यंत्राने आकडा दाखवला एकतीस. आणि बाईंना हसू आलं. रक्त साध्या नळीत घेतलेलं. साखर टिकवायचं औषध ज्यात असतं ती करड्या झाकणाची नळी हॉलवर नव्हती. नळीत रक्ताच्या पेशी जिवंत असतात आणि बसल्या बसल्या साखर खात असतात. दुसऱ्या कुणाला हे सुचलं नसतं. दुसरा कुणी एकतीस बघून जिन्यावरून धावत खाली गेला असता. बाई जाणकार होत्या. त्यांनी लिहिलं, "नळीतल्या पेशींनी साखर खाल्ली आहे. योग्य नळीत पुन्हा पाठवा." आणि कागद परतीच्या ट्रेमध्ये ठेवला. परतीच्या ट्रेतले कागद नंबरानुसार वाटले जातात.

"तासाला किती खात्यात?" कार्तिकी विचारते.

"कोण?"

"नळीतल्या. तुमी म्हनला ना, त्यांनी खाल्ली."

"पाच. सात. उन्हाळ्याचे दिवस म्हणून दहा धरू."

"किती तास बसल्या व्हत्या?"

"अडीच."

"मग?"

"पंचवीस."

"एकतीस आनि पंचवीस?"

इन्क्युबेटर घुमत राहतो.

"मी दुसरीत व्हते," कार्तिकी म्हणते. "पाटी दिसत न्हाई मला, तरी आमचं गुर्जी तोंडी घ्यायचं. एकतीस आनि पंचवीस."

"छप्पन."

"छप्पन म्हंजी लई का कमी?"

"कमी." बाई चिठ्ठी पुन्हा नळीला गुंडाळतात. "आजारी मुलाला फार कमी. छप्पन असती तरी मी पळायला हवं होतं."

"यवढीच बेरीज व्हती," मुलगी म्हणते. आता तिला कपाळ आहे, भुवया आहेत, आणि भुवया रागाने जवळ आलेल्या आहेत. "सव्वीस वर्सं दुसऱ्याच्या खान्याचा हिशेब ठेवलासा. माझा येकदा ठेवायचा."

"मला वाटलं ते पुन्हा पाठवतील."

"कोन? मी?"

"नवीन यंत्र येतंय," बाई घाईघाईने म्हणतात. हे वाक्य त्यांनी सकाळपासून स्वतःलाच चार वेळा ऐकवलेलं आहे. "त्यानं मिनिटामिनिटाला दिसेल. पुढे किती मुलांना, किती पेशंटना..."

"त्यात एकतीस दिसंल?"

"दिसेल ना."

"जुन्यात दिसलं न्हवतं व्हय?"

खिडकीबाहेर बाभळी मागे पळतायत. ही एसटी आहे. सीटांवर माणसं नाहीत, गुलाबी बाटल्या ओळीने बसवलेल्या आहेत, खिडकीच्या बाजूच्या बाटल्यांवर ऊन पडलंय आणि त्या पिवळ्या होत चालल्यात. मागून दुसऱ्या सीटवर एक बाई पाठमोऱ्या आहेत, डोक्यावरून पदर घेतलेल्या. त्यांच्या मांडीवर कुणीतरी झोपलेलं आहे. कंडक्टर "पुढं सरका, पुढं सरका" म्हणतो आणि कुणीच सरकत नाही.

"ती शालन," कार्तिकी सांगते. "माझी आई. तिला हाक नगा मारू. तिला वाटतंय मी झोपलीया."

"कार्तिकी, मी..."

"पाचला सोडलं आमाला. केळं दिलं, खाल्लं न्हाई गेलं. गोळ्यांची पिशवी आत ठिवून घेतल्याली, ती आईला परत घावली तवा बस लागली व्हती. मग तिनं माझ्या गालात गोळी घातली. नवी. दर बारीला गोळी इरघळती आनि मी उठती." ती बाईंचा हात उलटा करते, तळवा वर. आता तिला गाल आहेत, आणि डावा गाल फुगलेला आहे. चेहरा पुरा झाला आहे. साधा चेहरा आहे, कुठल्याही शाळेच्या दारात दिसावा असा. एकशेबाराव्या पानावर यातलं काही नाही. "त्या बारीला इरघळली न्हाई. आई सांगलीपतूर माझ्या गालावरनं हात फिरवत व्हती, गोळी संपली का बघत. गोळी हाय तशीच."

गालातून काढून ती गोळी बाईंच्या तळव्यावर ठेवते आणि त्यांची बोटं एकेक करून मिटते.

"चार वाजता काय लिवनार हाईत?"

"तुझ्या आईने ताप लपवला असं."

"मग तुमी खाली सही करनार."

"माझी सही तिथे नाही. माझी सही फक्त नमुना..."

"येकाच टाचनीला हाईत की दोनी कागद," मुलगी म्हणते. तिचे डोळे इकडून तिकडे जातायत, पण रोखून पाहिल्यासारखं वाटायचं राहत नाही. "माझं झालं ते झालं. मला दिसत न्हवतं, आता कायबी दिसत न्हाई, मला लई फरक न्हाई. पर तिनं सांगितलं व्हतं. दारात उभं ऱ्हाऊन सांगितलं व्हतं, चिठ्ठीत बी हाय. तिच्यावर नगा घालू बाई. ती गावात कशी ऱ्हाईल? लोकं म्हनत्याली, एसटीच्या भाड्यापायी तापातली पोर घिऊन गेली."

"ती चिठ्ठी मी फाडलेली नाही," बाई म्हणतात. आपण हे काय मोठं सांगतोय असं त्यांना बोलतानाच वाटतं.

"ठाव हाय. म्हनून तर तुमच्याकडं आले. त्या सायबाकडं जाऊन काय करू, त्याच्याकडं तर माझं डोळंच हाईत नुसतं."

कंडक्टर घंटी ओढतो. घंटी वाजते, पुन्हा वाजते, वाजतच राहते.

फोन आहे. बाई कपाळ उचलतात.

"मॅडम, कारखानीस सरांच्या ऑफिसातून. चारला पाच कमी आहेत. तो कागद..."

"आणते," बाई म्हणतात आणि डाव्या हाताने फोन ठेवतात, कारण उजवी मूठ उघडत नाही.

बोटं एकेक करून सोडवावी लागतात. तळवा नारिंगी आहे. चिकट, लिमलेटच्या वासाचा, मधोमध गोळीएवढा गोल खड्डा उमटलेला. बाईंना मधुमेह आहे. सात वर्षांत या खोलीत साखरेचं काही आलेलं नाही, पलीकडच्या बाटल्यांत असते ती सोडून. चष्म्याखालच्या कागदावर पेन्सिलीची फुली होती तिथे आता नारिंगी बोटांचे डाग आहेत, आणि फुली त्यांच्याखाली गेली आहे.

बाई हात धूत नाहीत. त्याच हाताने खण उघडतात. चिठ्ठी आहे, रबरबँडसकट. बँड वाळून तुटतो. टाइप केलेल्या दोन ओळींवर बाई आडवी रेघ मारतात, कागद उलटा करतात आणि मागच्या कोऱ्या बाजूला स्वतःच्या अक्षरात लिहितात. "नमुना तपासणीयोग्य होता. साखर एकतीस. नळीत गेलेली जास्तीत जास्त पंचवीस धरली तरी छप्पन. आईने ताप आणि गोडाची गरज दोन्ही सांगितली होती, चिठ्ठी जोडली आहे. हे मला दोन वाजता कळलं होतं. बेरीज मी केली नाही." खाली सही, तारीख. पाच सेकंदांहून जरा जास्त लागतात.

समितीच्या खोलीबाहेर बाकावर डोक्यावरून पदर घेतलेल्या एक बाई बसल्या आहेत, मांडीवर कापडी पिशवी. दुपारी बारापासून बसल्यात म्हणे. "लोंढेबाई," उर्मिला देवस्थळी म्हणतात, "आत चला. बाहेर नका थांबू." शालन लोंढे उठतात, आणि उठता उठता या अनोळखी डॉक्टरणीच्या उजव्या हाताकडे पाहतात. बराच वेळ पाहतात. मग पिशवी उचलून आत जातात.

आता कुणाच्या वाट्याला काय आलं तेवढं सांगायचं राहिलं. उमेदवार नऊ बसले, नऊ पास झाले, नऊच्या नऊ जणांच्या दारावर पाट्या लागतील. कारखानिसांचं पुस्तक निघेल. एकशेबारावं पान आता काढायचं का यावर चर्चा होईल आणि ते राहील. बाटल्यांतल्या पेशींनी आजही वेळेवर खाल्लं. देवस्थळीबाईंची दोन वर्षं गेली आणि एक यंत्र गेलं. ते कुणी फार मोठं धरू नये, बाईंनीही धरलेलं नाही. शालन लोंढेंना त्यांनी दारात उभं राहून सांगितलेलं एक खरं वाक्य परत मिळालं, सतरा दिवस उशिरा, आणि त्यासाठी त्यांना मुलगी द्यावी लागली. बाकीचं सगळं कार्तिकीनं भरलं. तिला त्या दिवशी लागत होती ती एक गोळी, आणि ती कापसाच्या बोळ्याशेजारी स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवलेली होती.